ऊन दाखवलेलं लाकूड

ताई,

तू गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले. परवा तुझ्या घराच्या किल्ल्या घरमालकाला परत करायच्या आहेत, म्हणून सुट्टी टाकून हायडेलबर्गला येऊन राहिलोय. पलंग गेला, पुस्तकं गेली. कुकर आणि मिसळणाचा डबा मी बाड हॉम्बुर्गला माझ्या घरी नेणार आहे. खुर्चीसुद्धा शेजारीण घेऊन गेली, त्यामुळे खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानंच लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखी राहून जाईल. तळघरातलं तुझं लाकूड तुझ्या घाईमुळे फुटलं नाही. ते मी फोडलं. त्यात कोरलेल्या ज्या तीन आयांवर तू इतकी वर्षं जीव लावलास, त्यांच्यातली पहिली माझ्या हातून गेली. तू मला दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो. पहिल्या खोट्यानंतर तू पुन्हा पटाशी हातात धरली नाहीस. खरं सांगायला माझ्याकडे दोन वर्षं होती आणि मी सांगितलं नाही.

मराठी मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलंय, 'हसतमुख, प्रेमळ ताई'. वाचून इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं. हसतमुख आणि तू! तुझ्या घरी आलेला माणूस आधी बोलणी खायचा, मग पोहे. बूट कुठे काढलेस, कांद्याची सालं कागदाच्या डब्यात कुणी टाकली, फोन खाली ठेव. त्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांची पहिली आनमेल्डुंग, ते पत्ता नोंदवायचं काम, तू स्वतः रांगेत उभं राहून करून दिलं होतंस, आणि त्यातल्या प्रत्येकाला फॉर्म नीट न वाचल्याबद्दल झापलंही होतंस. ते मात्र कुणी लिहिलं नाही.

मला तर तू अख्खाच इथे आणलास. विमानतळावर तुझाच जुना, बायकी बटणांचा कोट घेऊन आली होतीस आणि तो मी दोन हिवाळे घातला. माझी पहिली नोकरी गेली तेव्हा सात महिने मी याच खोलीत राहिलो. पलंग मला दिलास, स्वतः खाली गादी टाकून झोपलीस आणि वर सांगायचीस की जमिनीवर पाठीला बरं वाटतं. सात महिन्यांत 'पुढे काय' असं एकदाही विचारलं नाहीस. कामावर जाताना रोज एवढंच म्हणायचीस, "दाढी कर रे, बरं दिसतं." मी त्याबद्दल कधी काही बोललो नाही. तुला आवडलं नसतं, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मला लाज वाटायची.

आणि मग तुझा तो फोन. "नंदू, मी लाकूड घेतलं."

मी विचारलं, कपाट करायचंय का? तू खवळलीस. मोअरआइशं, म्हणालीस, दलदलीतलं ओक. ऱ्हाइनकाठी वाळूच्या खाणीत सापडलेलं, काही हजार वर्षं पाण्याखाली चिखलात पडून काळंभोर झालेलं. तुझ्या खिडकीतून जो डोंगर दिसतो, त्यावर अडीच हजार वर्षांपूर्वी केल्ट लोक तटबंदी घालून राहत होते तेव्हाही हे झाड तिथे चिखलात होतं, असं तू मला शाळेतल्या बाईंसारखं समजावलंस. संध्याकाळच्या कोरीवकामाच्या वर्गात तू दोन वर्षं चमचे आणि वाट्या करत होतीस. तुझा गुरू योखेन, तो ओडेनवाल्डातला म्हातारा, त्यानंच हा तुकडा तुला मिळवून दिला होता. मी बघायला आलो. शिसवी पाटासारखा काळा, हातभर लांबीचा ओंडका, आणि त्याला नदीचा वास. तू त्याच्यावरून हात फिरवत होतीस आणि मी मनात म्हणत होतो, बाईला आता रिटायरमेंटचे वेध लागले.

यात काय करायचं हे तुला बॉनच्या म्युझियममध्ये सापडलं. आपण तिघं गेलो होतो, तू, मी आणि माझी लेक ईरा. एका दगडावर तीन बायका ओळीनं बसलेल्या, डोक्याला मोठं गोल काहीतरी बांधलेलं, प्रत्येकीच्या मांडीत फळांची परडी. केल्ट लोकांच्या आया, पाण्यापाशी, झाडापाशी पुजलेल्या. तू बराच वेळ हलली नाहीस. मग म्हणालीस, "नंदू, यांची ओटी भरलीये बघ."

मी काहीतरी विनोद केला. पण मला कळलं होतं. तुझं लग्न चार वर्षांत मोडलं, आणि मंडळाच्या हळदीकुंकवाला तू सामोसे तळायला हक्काची असायचीस, ओटी भरायची वेळ आली की मात्र बायका तुला चुकवून पुढच्या बाईकडे जायच्या. दुष्ट नव्हत्या त्या. घटस्फोट झालेल्या बाईची भरतात की नाही हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, आणि जर्मनीत विचारणार कुणाला? तू उठून कढईकडे जायचीस. माझ्या बायकोनं एकदा तुझी भरायला हवी होती. मीही तिला सुचवायला हवं होतं. आमच्या डोक्यातच आलं नाही.

परत येताना गाडीत आपलं भांडण झालं. मी म्हणालो, या जर्मन देवींशी तुझं काय नातं? "जर्मन कसल्या? जर्मन यायच्या आधीपासूनच्या आहेत. पाण्याकाठच्या बायका. आजोळी डोहापाशी आसरा नव्हत्या?" मी म्हटलं, आसरा सात असतात, या तीन. "बाकीच्या चौघी ब्लू कार्डाच्या रांगेत असतील," तू म्हणालीस, आणि मागच्या सीटवर ईरा खो खो हसली. ते भांडण आपण वर्षानुवर्षं पुरवून खाल्लं. त्याचा निकाल लागला नाही, आणि आता लावायलाही कुणी नाही.

लाकूड मात्र लगेच कोरायचं नव्हतं. त्यात मुरलेलं पाणी हळूहळू बाहेर यावं लागतं. घाईनं वाळलं तर ते फुटतं. हे तू मला किती वेळा सांगितलंस. दोन्ही टोकांना मेण लावलंस, ओलसर पोत्यात गुंडाळलंस, तळघरात ठेवलंस आणि दर महिन्याला न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर चढवून भिंतीवर पेन्सिलीनं वजन लिहीत गेलीस. चार वर्षांहून जास्त. तू सांगायचीस आणि मी फोनवर एका कानानं ऐकत, दुसरीकडे ऑफिसच्या मेल वाचत, जर्मन हो-हो, "या, या" म्हणायचो. आणि तू चिडून, "कुठे येऊ रे? मी इथेच आहे," म्हणायचीस. हा आपला ठरलेला विनोद होता. त्या विनोदात मी सगळं ऐकायचं टाळलं, हे मला आता कळतंय.

मग कोरायला लागलीस. योखेन म्हणत होता, अजून दोन हिवाळे थांब. तू थांबली नाहीस. तासभर कोरायचीस आणि पुन्हा ओल्या पोत्यात गुंडाळून खाली ठेवायचीस. खाली बैठकीला केल्टांची ती गुंतागुंतीची पट्टी, सुरुवात नसलेली नि शेवट नसलेली, जी बघून मी म्हटलं होतं की ही तर ज्ञानकमळाची रांगोळी आहे. वर तिघी. पहिलीचं तोंड झालं आणि तू मला फोटो पाठवलास, खाली एकही शब्द न लिहिता. मी ऑफिसात होतो. उठून जिन्यात गेलो. ती आई होती. नकटं नाक, खालचा ओठ जरा पुढे, आपण उशिरा घरी आल्यावर बघायची तसं बघत असलेली. दुसरीही बरी जमली. तिसरीचं तोंड मात्र कोरं राहिलं होतं. "तिचं नाक जर्मन येतंय," अशी तुझी तक्रार होती.

मग तुझं ऑपरेशन. तीन आठवडे तू नव्हतीस आणि मी शनिवार-रविवार तुझ्या घरी राहून झाडांना पाणी घालत होतो.

एप्रिलातला शनिवार होता आणि कडक ऊन पडलं होतं. इथे असं ऊन पडलं की आपल्या माणसांचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. गाद्या, उशा, तिखट, डाळी, सगळं बाल्कनीत. आईचा सगळ्यावर एकच इलाज होता, ऊन दाखव. गादीला वास आला, ऊन दाखव. रव्यात जाळी झाली, ऊन दाखव. मी तुझी गोधडी वाळत घातली, उशा घातल्या. मग पंप आणायला तळघरात गेलो तर पोत्याला पांढरी बुरशी आणि कुबट वास. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, ताई एवढी आजारी, हिच्या देवी इथे कुजतायत आणि कुणाचं लक्ष नाही. ते धूड पोटाशी कवटाळून दोन जिने चढलो. पोतं काढलं, पेपर अंथरला आणि तिघींना उन्हात ठेवलं. दुपारी फिरवून दुसरी बाजू उन्हाकडे केली. संध्याकाळी गार वारा सुटला म्हणून आत आणून हाइत्सुंगला, भिंतीवरच्या हीटरला, टेकवून ठेवलं, सगळ्यात जास्त, पाचवर. मी खूश होतो, ताई. तुझी काहीतरी सेवा केली असं मला वाटत होतं.

रविवारी सकाळी चहा घेत होतो. टक् असा आवाज आला, बारीक काटकी मोडावी तेवढाच. पहिलीच्या कपाळापासून चीर निघाली होती. दोन डोळ्यांच्या मधून, नाकावरून, ओटीतून, खाली त्या पट्टीपर्यंत. नख जाईल एवढी. दुपारपर्यंत त्यात नाणं गेलं असतं.

मी पोतं नळाखाली भिजवलं, लाकूड गुंडाळलं आणि होतं तसं होत्या जागी नेऊन ठेवलं. पेपर टाकून दिला. माझं काम तुला माहीत आहे, मी क्वालिटीत आहे. आमच्याकडे खोलीचं तापमान दोन अंशांनी वर गेलं तरी त्याची नोंद होते, कोण होतं, काय केलं, का केलं, खाली सही. तरुण पोरांना मी शिकवतो की चूक लपवणं हे चुकीपेक्षा वाईट. त्याच हातांनी मी पोत्याची सुतळी तुझ्यासारखीच दोन वेढे देऊन बांधली.

तू घरी आलीस, आठवड्यानं जिना उतरण्याइतकी बरी झालीस आणि मला फोन केलास. "नंदू, आई फुटली रे."

मी म्हणालो, "लाकूड आहे ते ताई. एवढं जुनं. व्हायचंच."

"मी नसताना तू तळघरात गेला होतास का?"

"सायकलचा पंप आणायला. एकदाच."

"पोतं ओलं होतं?"

"होतं."

 मग म्हणालीस, "म्हणजे माझंच. म्हातारा थांब म्हणत होता, मीच ऐकलं नाही." पुढच्या महिन्यात तू हत्यारांची पेटी त्या संध्याकाळच्या वर्गाला देऊन टाकलीस. मी म्हटलं, अगं दुसरं लाकूड घे. "पुरे," म्हणालीस. तुला 'पुरे' म्हणताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि ते मी करवलं होतं.

मी सांगणार होतो. खरंच. केमोला नेताना प्रत्येक वेळी आउटोबानवर मी वाक्य जुळवायचो. मानहाइमच्या फाट्याला ठरवायचो की आता. मग तू म्हणायचीस, "सिग्नल दे आधी," आणि मला बरं वाटायचं की विषय निघाला नाही. तू अशक्त आहेस, धक्का बसेल, अशी कारणं मी स्वतःला द्यायचो. खरं कारण एवढंच होतं की त्या खोलीतले सात महिने, ती जमिनीवरची गादी, या सगळ्याची परतफेड म्हणून मी तुझी एकच गोष्ट सांभाळायची होती, आणि ती मी उन्हात घातली. हे तुला कळलं तर तुझं माझ्याकडे बघणं बदललं असतं. तेवढ्यासाठी मी तुझं स्वतःच्या हातांकडे बघणं बदलू दिलं.

शेवटच्या महिन्यात तू दुसऱ्यांदा विचारलंस. ईरा पलंगाच्या पायाशी बसली होती. तू म्हणालीस, "नंदू, खरं सांग. त्या वेळी तळघरातली हाइत्सुंग चालू राहिली होती का? मला काही वाटणार नाही." तू मला दार उघडून दिलं होतंस. नुसतं हो म्हटलं असतं तरी अर्धं खरं झालं असतं. मी म्हणालो, "नाही ताई. तसं काही झालं नाही."

तू दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिलेस. "मग हातच वाईट माझे. धरलं ते टिकलंच नाही."

ईरा पटकन म्हणाली, "श्टिम्ट निश्त, आत्या." खरं नाही हे. पोरीला काही माहीत नव्हतं, आणि त्या खोलीत तेवढी एकच खरं बोलली. मी तुझी उशी नीट केली.

लोक मला म्हणतील की तुला कळलं असणार, बहिणीला कळतं. मी हे स्वतःला सांगून पाहिलं. पण मी तुला ओळखतो. तुला कळलं असतं तर तू मला आजारपणातसुद्धा फाडून खाल्लं असतंस. मग दहा मिनिटांनी पोहे दिले असतेस. तू मला झापलं नाहीस, म्हणजे तुला माहीत नव्हतं. 'हातच वाईट माझे' हे खरं मानूनच तू गेलीस. तुझं दहावं आलं तेव्हा तुझा देह अजून क्रेमाटोरियमच्या रांगेत होता. भटजी पुण्याहून व्हिडिओवर मंत्र म्हणत होते आणि म्हणाले, मनातलं सगळं बोलून घ्या. मी हात जोडून बसलो. तिथेही बोललो नाही.

काल योखेन आला होता. मीच फोन केला, म्हटलं लाकूड घेऊन जा. तू त्याला ते फुटल्यावर दाखवलंच नव्हतंस, फोनवर फक्त सांगितलं होतंस, हे मला काल कळलं. तुला त्याची लाज वाटली होती. त्यानं तळघरात पोतं सोडलं, चष्मा लावला, चिरेतून बोट फिरवलं, मग भिंतीवरचे तुझे पेन्सिलीचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. "आल्झो, तर मग," म्हणाला, "हे आपोआप फुटायला नको होतं. तिनं उत्तम वाळवलं होतं. दोन हिवाळे थांब असं मी सगळ्यांनाच सांगतो. हे गरम जागी गेलं होतं का?"

"इश वार दास," मी म्हणालो. मी केलं ते. दोन वर्षं मराठीत न निघालेलं जर्मनमध्ये तीन शब्दांत निघालं. मग त्याला सगळं सांगितलं, बाल्कनी, पेपर, हाइत्सुंग. ऊन दाखवणं त्याला कळेना. ओली वस्तू उन्हात ठेवणं म्हणजे माया कशी, हे मला त्याच्या भाषेत सांगता येईना.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो मला बाहेर त्याच्या व्हॅनपाशी घेऊन गेला. मागे घोंगडीत गुंडाळलेला एक ओंडका होता, त्याच झाडाचा, तुझ्या तुकड्याला लागूनचा. त्यानं तो पहिल्यापासून स्वतःकडे वाळत ठेवला होता. तुझं फुटल्यावर त्यानं तुला तीनदा विचारलं होतं, घेऊन जा म्हणून. तिन्ही वेळा तू म्हणालीस, नको, माझ्या हातून फुकट जाईल. "हे दोन वर्षांपासून तयार आहे," तो म्हणाला. "तिला फक्त यायचं होतं. तुम्हाला आठवण म्हणून हवंय का?"

मी नको म्हणालो. वर्गातली कुणीतरी बाई मागतेय असं तो म्हणाला, तिला द्या म्हटलं. फुटलेलं मात्र मीच ठेवतोय. योखेननं व्हॅनचं दार लावायच्या आधी मी त्या ओंडक्यावरून हात फिरवला, चारी बाजूंनी, खालूनसुद्धा. कुठेही चीर नव्हती. त्यात तीन बायका सहज बसल्या असत्या. पटाशी घेऊन बसायला तुझ्याकडे दोन वर्षं होती, त्यातलं पहिलं तर बरंच बरं गेलं होतं, तू सकाळी नदीपर्यंत चालत जायचीस.

ताई, ऊन मी दाखवलं होतं. तुझे हात चांगले होते.

नंदू